बाई, तो वेडा होता ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर मी एवढं लांबण लावत नाही. प्रश्न बहुतेक पालकांचा असतो, क्लास सुटल्यावर जिन्यात गाठून विचारलेला: मुलांना चित्रं शिकवायची सोडून तुम्ही पत्रं कसली वाचून दाखवता? आणि तीही कान कापून घेणाऱ्या वेड्या माणसाची?

पहिलं कारण अगदी साधं आहे. लालबागला चाळीच्या मंडळाच्या खोलीत मी शनिवार-रविवार क्लास घेते. सगळी एलिमेंटरी-इंटरमिजिएटची मुलं. जुलैत हवा इतकी दमट असते की जलरंगाचा एक वॉश वाळायला तास जातो. न वाळलेल्या कागदावर ब्रश फिरवू नका, असं पन्नासदा ओरडण्यापेक्षा मुलांना काहीतरी ऐकायला दिलेलं बरं. म्हणून एका पावसाळ्यात डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगची पत्रं काढली. इंग्रजीतून वाचायची आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायची.

त्याने लिहिलेली सुमारे 820 पत्रं आज उरलीयत. त्यातली साडेसहाशेहून जास्त धाकट्या भावाला, थिओला. थिओ पॅरिसला चित्रं विकणाऱ्या पेढीत नोकरीला होता आणि व्हिन्सेंटला दरमहा पैसे पाठवायचा, साधारण दीडशे फ्रँक. मला ती पत्रं वाचताना प्रेरणा, प्रतिभा वगैरे काही आठवलं नाही. आठवली ती आमच्या गावाहून येणारी पोस्टकार्डं. वर सा. न. वि. वि., खाली थोरांस नमस्कार आणि लहानांस आशीर्वाद, आणि मधे मुद्द्याची गोष्ट: मनीऑर्डर पोचली, पण कौलं शाकारायची आहेत, अजून थोडे पाठवता आले तर बघ. व्हिन्सेंटच्या पत्रांतही मुद्दा बऱ्याचदा हाच. झिंक व्हाइटच्या मोठ्या ट्यूबा हव्यात. कॅनव्हास संपलाय. ऑक्टोबर 1888 मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्ल्स गावाहून त्याने कळवलंय, की चार दिवस मुख्यतः तेवीस कप कॉफीवर काढलेत आणि सोबतच्या पावाचे पैसे अजून द्यायचेत. कप मोजलेत त्याने! हे वाचलं की मुलं हमखास हसतात. हसू देते मी. ज्यांच्या घरी महिनाअखेर कळते, ती दोन-तीन हसत नाहीत.

आता वेडाबद्दल. 23 डिसेंबर 1888 ला त्याने कान कापला हे खरं. पण त्यानंतर चार आठवडेही झाले नव्हते, तेव्हा थिओला लिहिलेल्या पत्रात खर्चाचा तक्ता आहे. इस्पितळाला 21 फ्रँक. जखम बांधणाऱ्यांना 10. अंथरूण-पांघरूण आणि रक्ताने भरलेले कपडे धुवून घेतले त्याचे साडेबारा. मग डझनभर ब्रश, एक टोपी वगैरे, 10.

मी हा तक्ता फळ्यावर लिहून देते. एका पावसाळ्यात पाचवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, तो वेडा होता ना? मग हिशेब कसा जमला?" मी काही बोलले नाही, कारण तिने विचारलं तेच मला सांगायचं होतं. आजारी होता तो, फार आजारी होता. पण आजाराने चित्रं काढली नाहीत. झटका ओसरून हात चालायला लागला की तो आधी ब्रश आणायचा. टोपीसुद्धा मला बरंच काही सांगते. बँडेज बांधलेलं डोकं घेऊन थंडीत बाहेर पडायचं, तर टोपी लागणारच.

पत्रात चित्र कसं असतं ते ऐका. 16 ऑक्टोबर 1888 ला त्याने आपल्या झोपायच्या खोलीच्या चित्राबद्दल थिओला लिहिलं, सोबत रेखाटन काढून. भिंती फिकट जांभळ्या. जमीन तांबड्या फरशांची. पलंग आणि खुर्च्या ताज्या लोण्यासारख्या पिवळ्या. चादर, उशा लिंबाच्या हिरव्याकडे झुकणाऱ्या, पांघरूण शेंदरी-लाल, दारं जांभळट. बघणाऱ्याच्या डोक्याला विसावा मिळावा म्हणून हे सगळं. आता अॅमस्टरडॅमच्या संग्रहालयातलं ते चित्र छापील पुस्तकात किंवा मोबाइलवर बघा. भिंती निळ्या दिसतील. जांभळ्यातला तांबडा उजेडाने उडून गेला, निळा तेवढा मागे राहिला. म्हणजे त्याने रंगवलेली खोली आज कॅनव्हासवर नाही, पत्रात आहे. रंग उडणार याची त्याला कल्पना होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने लिहून ठेवलंय की हे नव्या फॅशनचे रंग टिकाऊ नाहीत, म्हणून ते बेधडक, जरा भडकच वापरावेत, काळ त्यांना नको इतका मऊ करीलच. मी हे सांगते आणि मग मुलांना खिडकीच्या वरचं माझंच जुनं चित्र दाखवते. क्रिम्सन लेकने रंगवलेली जास्वंद, आता चहाच्या डागाच्या रंगाची.

ओलीचंही तसंच. खोलीचं ते चित्र ओलीनेच खराब झालं होतं, म्हणून 1889 मध्ये त्याने त्याच्या आणखी दोन आवृत्त्या रंगवल्या. चाळीत राहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तो संत नव्हता. 'बटाटे खाणारे' हे चित्र त्याने 1885 मध्ये केलं आणि थिओला लिहिलं, की ताटलीत जाणारे हात हेच जमीन खणलेले हात आहेत, हे दिसलं पाहिजे. त्याच चित्राच्या शिळाछापावर व्हॅन रॅपार्ड नावाच्या चित्रकार मित्राने सडकून टीका केली, तर व्हिन्सेंटने त्याचं पत्र सरळ परत पाठवून दिलं. थिओवरही तो डाफरायचा: तू माझं काही विकत नाहीस, प्रयत्नच करत नाहीस. 1884 मध्ये तर त्याने भावापुढे सौदाच ठेवला. तू पाठवतोस ते पैसे उपकार म्हणून नकोत. मी चित्रं पाठवतो, ती तुझी, हे पैसे त्यांची किंमत समज. ज्याने कधी दुसऱ्याच्या पैशावर रंग आणलेत, त्यालाच ही ओळ बोचते. मला बोचते.

दादा, माझा थोरला भाऊ, कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. मी आर्ट टीचर डिप्लोमा केला तो त्याच्या पगारावर. आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण राहायचो. एकमेकांना पत्रं लिहायचा प्रश्नच नव्हता. तो माझ्या चित्रांबद्दल बोलायचाही नाही. एकदाच, पाळीवरून येऊन डबा ठेवता ठेवता म्हणाला, "हिरवा फार झाला." आणि तो खरंच फार झाला होता.

व्हिन्सेंटने थिओची बहुतेक पत्रं जपली नाहीत. थिओने मात्र त्याची जपली. व्हिन्सेंट 29 जुलै 1890 ला गेला, थिओ पुढच्या जानेवारीत, आणि थिओच्या बायकोने, योने, ती पत्रं 1914 मध्ये छापली. त्यामुळे आपल्याला मुख्यतः पैसे घेणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. देणाऱ्याला काय वाटायचं, ते त्याच्या थोडक्या उरलेल्या पत्रांत आणि घरखर्चाच्या वहीत शोधावं लागतं. हो, थिओ आणि योची हिशेबाची वहीसुद्धा उरलीय.

आमच्याकडे उलटं झालं. माझा शब्द कुठेच नाही, पण दादाच्या खिशातल्या डायऱ्या वहिनीने ठेवल्यात. 1982 च्या संपानंतरची पानं जवळजवळ कोरी आहेत. त्याआधीची गच्च भरलेली. एका कोपऱ्यात त्याने उसनवारीचा वेगळा रकाना केलाय, कुणाला किती दिले, कुणाचे यायचेत. मी माझं नाव तिथे शोधलं, कारण मला खात्री होती. तिथे नव्हतं. ते सापडलं महिन्याच्या घरखर्चात, त्याच्या बारीक तिरक्या अक्षरात, एकाखाली एक: तांदूळ, रॉकेल, बायचे रंग, दळण.