जीवामृताची गाळणी : चोथा आता आपणहून खाली पडतोय

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्राचं मुरवलेलं द्रवखत, गाळायची जाळी जमली. परवा संध्याकाळी मुरलेलं जीवामृत तिच्यावरून सोडलं आणि चोथा जाळीवर न बसता घसरत खालच्या घमेल्यात जाऊन पडला. ओला होता, पण मुठीत दाबला तर गोळा वळेल इतपत निथळलेला. जाळीला ब्रश लावायची वेळ आली नाही. नळीचा एक फवारा मारला आणि काम संपलं. पंचे, बोल्टिंग क्लॉथ (बारीक विणीचं नायलॉनचं कापड) आणि डिस्क फिल्टर (खाचा असलेल्या चकत्यांचा) यांतून गाळून पाहिल्याच्या माझ्या आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्यात, त्यांना हे लिहिताना मला किती बरं वाटतंय ते सांगायला नको.

मांडणी तीच आहे. निळ्या पिंपात ५० लिटर पाणी, अडीच किलो शेण, अडीच लिटर गोमूत्र, गूळ आणि बेसन अर्धा-अर्धा किलो, मूठभर माती. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांचं २०० लिटरचं प्रमाण चौथाईवर आणलेलं. गाळलेलं जीवामृत पातळ करून दोन मीटर उंचीच्या टाकीत आणि तिथून १६ मि.मी.च्या लॅटरलमधून, म्हणजे ठिबकच्या नळीतून, गच्चीवरच्या कुंड्या-वाफ्यांना. अडचणीचं मूळ या दोन मीटरमध्ये आहे. दोन मीटर म्हणजे जेमतेम ०.२ बार दाब. १ बारला ताशी ४ लिटर देणारा साधा ड्रिपर एवढ्या दाबावर ताशी १.८ लिटरच्या आसपास देतो, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. त्यात फिल्टरने थोडाही दाब खाल्ला की शेवटच्या ओळीतले टोमॅटो कोरडे. शेतावर पंपाचा दाब असतो, तिथे अर्धवट तुंबलेला फिल्टरही काही काळ चालून जातो. गच्चीवर तशी सूट नाही.

आता मुख्य दुखण्याकडे येतो. शेणातला तंतू.

गाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कण येतो. छिद्रापेक्षा मोठा असेल तर अडेल, लहान असेल तर जाईल. शेणातलं जे जाळी तुंबवतं ते कण नाहीत. ती वैरणीची अर्धवट पचलेली धसं असतात. लांबी दोन-तीन मिलिमीटर, जाडी केसाएवढी. विणलेल्या जाळीवर असा तंतू आडवा पडला की पाण्याचा दाब त्याचं एक टोक एका छिद्रात ढकलतो, दुसरं शेजारच्या छिद्रात, आणि तो मधल्या तारेला गोधडीच्या टाक्यासारखा धरून बसतो. त्याच्यावर पुढचे तंतू अडतात, त्यांच्यात बेसन अडकतं, आणि थोड्याच वेळात जाळीवर जाळीपेक्षा बारीक अशी लापशीची गादी तयार होते. मग गाळण्याचं काम ती गादीच करते आणि पाणी थेंबाथेंबाने येतं.

उलटं पाणी मारून हा टाका उसवत नाही, हे मी नायलॉनवर, स्टीलच्या १२० मेशवर (इंचाला १२० छिद्रांची जाळी) आणि डिस्कवर तिन्हीकडे पाहिलं. पाण्याला जिथे मोकळी छिद्रं मिळतात तिथून ते निघून जातं, आणि टाके पडलेली जागा तशीच राहते. दातांचा ब्रश घासला तर तंतू आणखी आत जातात. नायलॉनचं कापड वाळवून झटकलं तर निम्मं सुटतं, निम्मं उरतं. म्हणजे जाळी कितीही बारीक किंवा जाड घेतली तरी जोवर द्रव जाळीच्या अंगावर सरळ दाबला जातोय, तोवर ती धुणं हे एक वेगळं कामच राहणार. मागच्या महिन्यात गाळणीच्या झाकणाचे, क्लॅम्पचे, पिशवी बदलण्याचे जे आराखडे इथे टाकले होते, ते मी त्यामुळे बाजूला ठेवले. गाळणी पटकन उघडता यावी याच्याही आधी, मळ जाळीत रुतूच नये अशी तिची रचना हवी.

उत्तर सापडलं ते उद्यमनगरात, आमच्याकडच्या वर्कशॉपच्या वस्तीत. टाकीचं स्टँड वेल्डिंगला दिलं होतं. त्या शेडच्या कोपऱ्यात साखर कारखान्यातून दुरुस्तीला आलेली एक मोठी वक्र जाळी उभी होती. मी तिच्यावरून बोट फिरवत होतो, तेवढ्यात मिस्त्री म्हणाले, “डीएसएम हाय ती. रसातला भुसा काढायची. वरनं रस सोडायचा, रस खाली पडतो, भुसा पुढं जातो.”

आमच्या जिल्ह्यात ऊस गाळणारे एवढे कारखाने, आणि उसाच्या रसातला बारीक भुसा म्हणजे पुन्हा तंतूच! नेदरलँड्सच्या सरकारी कोळसा खाणींनी, म्हणजे डच स्टेट माइन्सने, १९५० च्या दशकात कोळसा धुण्यासाठी ही चाळण विकसित केली. डीएसएम ही त्यांचीच आद्याक्षरं. तिथून ती साखर, स्टार्च, कागद अशा उद्योगांत गेली. कारखान्यांत आता फिरत्या ड्रमच्या चाळण्याही आल्यात, पण ही साधी जाळी अजून दिसते, आणि आपल्यासाठी तिची खुबी हीच की तिच्यात हलणारा एकही भाग नाही.

तिची रचना नीट समजून घेण्यासारखी आहे. तारा गोल नसतात, पाचरीसारख्या असतात. सपाट बाजू वर, निमुळती बाजू खाली. त्यामुळे दोन तारांमधली फट वरच्या तोंडाशी सगळ्यांत अरुंद आणि खाली रुंद होत जाते. जो कण तोंडातून आत शिरला तो खाली पडणारच, मध्ये अडकायला जागा नाही. तारा प्रवाहाला आडव्या बसवतात. द्रव उतारावरून वेगाने वाहत येतो आणि प्रत्येक तारेची धार त्याच्या तळाचा एक पातळ पापुद्रा कापून खाली सोडते. हा पापुद्रा फटीच्या मापापेक्षा बराच पातळ असल्यामुळे साधारण फटीच्या निम्म्या मापापर्यंतचेच कण खाली जातात. म्हणजे फट मोठी ठेवूनही बारीक गाळलं जातं, आणि मोठी फट तुंबत नाही. तंतू वाहत्या पाण्याबरोबर पुढे निघून जातो. त्याला टाका घालायला दुसरं छिद्र शेजारी नाहीच. शेजारी आहे ती सपाट पट्टी.

मिस्त्रींकडून सपाट जाळीचा एक तुकडा घेतला. फूटभर रुंद, दीड फूट लांब, फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली तर फट ०.३५ मि.मी. म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण ०.१७-०.१८ मि.मी.च्या पुढचं सगळं घमेल्यात जायला हवं. ड्रिपरची आतली वाट १ मि.मी. धरली आणि फिल्टरचं छिद्र वाटेच्या सातव्या ते दहाव्या हिश्शाएवढं असावं हा नेहमीचा नियम लावला, तर ०.१० ते ०.१४ मि.मी. लागतं. थोडं कमी पडतं. म्हणून टाकीच्या तोंडाशी लाल चकत्यांचा डिस्क फिल्टर, १३० मायक्रॉनवाला (०.१३ मि.मी.), तसाच ठेवलाय. फक्त त्या डिस्कचं काम आता राखणदारीचं. पूर्वी एक पिंप रिकामं होईपर्यंत ती पुन्हापुन्हा उघडावी लागायची. या वेळी शेवटी उघडली तेव्हा चकत्यांच्या खाचा डोळ्यांनी दिसत होत्या. तंतू जवळजवळ नाही, नुसता बेसनाचा पातळ थर, आणि तो चकत्या सैल करून नळाखाली धरल्या की गेला.

कोनावर बराच वेळ गेला. जमिनीशी ४५ अंशांत चोथा मधेच थांबायचा आणि त्याच्यामागे तळं साचायचं. ६० च्या पुढे गेलो तर जीवामृतही चोथ्याबरोबर घमेल्यात. माझ्या द्रवाला ५२-५३ अंश मानवले. तुमचं शेण वेगळं असेल, म्हशीचं असेल, गुरं हिरव्या चाऱ्यावर असतील, तर कोन बदलेल. म्हणून जाळीची वरची कड बिजागरीवर घ्या आणि खालच्या आधाराला दोन-तीन खाचा ठेवा.

कोनापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे द्रव जाळीवर कसा येतो. बादलीतून ओतला की एका जागी धार पडते, तिथली जाळी सगळं गिळते आणि बाजूची कोरडी राहते. वर एक उथळ खोकं बसवलं, त्याची पुढची कड पाणसळ लावून समतल केली, आणि द्रव खोक्यात भरून त्या कडेवरून सांडू दिला. आता फूटभर रुंदीची एकसारखी चादर जाळीवर उतरते. छिद्रं पाडलेल्या पाइपचा सल्ला काही जणांनी दिला होता, पण जिथे छिद्र आहे तिथे तंतू अडकणार. कड अडकत नाही.

एक बारीक त्रास आणखी होता. गाळलेला द्रव जाळीच्या पोटाला चिकटून खालपर्यंत ओघळायचा आणि थेट चोथ्याच्या घमेल्यात पडायचा. खालच्या टोकापाशी, पोटाच्या बाजूने, स्टीलची एक उभी पट्टी वेल्ड करून घेतली. ओघळ तिथे तुटतो आणि खालच्या टबात पडतो. एवढ्याशा पट्टीने घमेलं कोरडं झालं, याचा आनंद मला जाळीएवढाच झाला.

जाळी दोन खाचांमध्ये नुसती सरकवलेली आहे. नट नाही, बोल्ट नाही, रबरी रिंग नाही. शेणाचे हात आणि आट्यांचं झाकण यांचं जमत नाही, हे माझं मत आता पक्कं झालंय. डिस्क फिल्टर घेतानाही आट्यांच्या बॉडीपेक्षा खटक्याच्या क्लॅम्पचा घ्या, शंभरएक रुपये जास्त गेले तरी चालतील. ऑनलाइन मागवलेल्या एका जाळीवर “३०४ स्टील” (सहसा न गंजणारं स्टेनलेस) छापलं होतं आणि पहिल्याच पिंपानंतर वेल्डपाशी तांबूस डाग आले. विक्रेत्याने फोटो मागितले आणि पुढे उत्तर दिलं नाही. जाळी हातात घेऊन, फट मोजून, रोख देऊन घ्यावी. भंगाराच्या भावात मिळालेला कारखान्याचा तुकडा नव्या मालापेक्षा सरस निघाला.

बुळबुळ मात्र राहिलीय. धुतलेली जाळी रात्रभर ओली राहिली की तारांवर चिकट थर येतो. गूळ आहे तिथे हे होणारच. साखर खाऊन चिकट डेक्स्ट्रॅन बनवणारे ल्युकोनॉस्टॉकसारखे जिवाणू कारखान्यांनाही छळतात. ते गरम पाण्याने आणि वाफेने चाळण्या धुतात. आपल्याला ब्लीचिंग चालणार नाही, कारण पुढच्या पिंपातले जिवाणूच मरायचे. मी जाळी धुऊन उन्हात उभी करतो. स्टील कडकडीत तापतं, थर वाळून पापडी धरतो आणि बोटाने सुटतो. नायलॉनवर हाच थर वाळून घट्ट बसायचा. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा एक किटली उकळतं पाणी. हा उपाय तात्पुरता आहे, इथे कोणाकडे आणखी चांगला असेल तर हवाय.

बेसनाचं बारीक पीठ जाळीतून खाली जातं, त्याचं काय करावं यावर विचार करताना गुऱ्हाळ आठवलं. काहिलीत रस उकळताना रानभेंडीचा चिकट रस घालतात, मळी वर येते आणि झाऱ्याने काढून टाकतात. तोच चिकटपणा बेसनाला एकत्र आणेल का? गुऱ्हाळात उष्णता असते, आपल्याकडे द्रव थंड आहे. शिवाय भेंडीचा रस म्हणजे बुळबुळीला नवा खुराक. तरी एका बादलीत करून बघायला हरकत नाही, असं लिहीत होतो. पण लिहिता लिहिताच वाटतंय की सोपा मार्ग बेसन आदल्या रात्री कोमट पाण्यात कालवून, गुठळ्या मोडून घालण्याचा आहे. आधी तो.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त खुणावतेय. सध्या पिंपातून बादलीने उपसून वरच्या खोक्यात ओततो. कंबरेला हे बरं नाही, आणि कूलरचा पंप लावला तर त्याच्या पंख्यात तंतू गुंडाळतो. त्याऐवजी एअरलिफ्ट! मत्स्यपेटीचा हवेचा पंप, पिंपाच्या तळापर्यंत उभा २५ मि.मी.चा पाइप, त्याच्या बुडाशी हवेची नळी. बुडबुडे मिसळलेला स्तंभ हलका होतो आणि द्रव वर चढतो. अडकायला आत काहीच नाही. मर्यादा उंचीची. पाइप द्रवात जेवढा बुडालेला, साधारण तेवढंच किंवा त्याहून कमी वर उचलायचं, म्हणजे खोकं पिंपाच्या काठाला लागूनच बसवावं लागेल आणि जाळी पिंपाच्या तोंडावर तिरकी. मग गाळलेलं जीवामृत परत त्याच पिंपात पडेल, चोथा बाहेर, आणि हवाही खेळेल. सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळतो त्याला जोड मिळेल.

शंका एवढीच की चोथा पहिल्याच दिवशी काढला तर त्याच्या आधाराने वाढणारे जिवाणू कमी पडतील. त्यामुळे मुरण्याचे ४८ तास चोथा आतच राहू द्यायचा, आणि नंतर हवा सुरू करून रात्रभर फिरवायचं. म्हणजे बिजागरीचं स्टँड जे काल रंगवायला काढलं होतं, ते रंगवत नाही. त्याचे पाय कापून पिंपाच्या काठावर बसणारी चौकट करून घेतो. उद्यमनगरात सोमवारी सुट्टी असते, मंगळवारी जाईन.

कोणाकडे ०.२५ मि.मी. फटीचा तुकडा पडून असेल तर सांगा, हातभर लांबीचाही चालेल. तेवढी फट मिळाली तर लाल डिस्कही काढता येते का ते बघायचंय. आणि २५ मि.मी.च्या एअरलिफ्टला मिनिटाला किती लिटर हवा पुरते, हे ज्यांनी मत्स्यपेटीवर मोजलंय त्यांनी पंपाचं मॉडेल आणि बुडालेली खोली दोन्ही लिहा.