नान्नजच्या माळावरचे दोन तपकिरी गरुड

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघे सोलापूरहून बार्शी रस्त्याने नान्नजच्या माळरानाकडे निघालो. अंतर सुमारे २० किलोमीटर असल्याने उजाडायच्या आत पोहोचता येते आणि पोहोचावेच, कारण ऊन चढले की जमिनीलगतची हवा थरथरू लागते व दूरच्या पक्ष्याचा चेहरा छायाचित्रात धूसर होतो.

शाळूच्या रानालगतच्या बांधावर एक गडद तपकिरी गरुड बसला होता आणि थोड्या अंतरावर दुसरा, जरा फिकट. दोघांचेही पाय बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले होते, त्यामुळे सापमार गरुडाचा प्रश्नच नव्हता. त्याचे पाय उघडे, डोके मोठे आणि डोळे पिवळे असतात. रंगाच्या भरवशावर मी दोघांचीही पिंगट गरुड अशी नोंद केली, आणि तिथेच चुकलो.

रात्री छायाचित्रे मोठी करून पाहिली. फिकट पक्ष्याच्या चोचीच्या कोपऱ्याची पिवळी कड डोळ्याच्या मध्याखाली संपत होती आणि बुबुळ मधाच्या रंगाचे होते. तो पिंगट गरुडच. गडद पक्ष्याची कड मात्र थेट डोळ्याच्या मागच्या टोकापर्यंत गेली होती, आणि उड्डाणाच्या एकमेव छायाचित्रात पंखाखालचा रुंद पांढरा पट्टा स्वच्छ दिसत होता. मध्य आशियातील गवताळ प्रदेशातून हिवाळ्यापुरता आलेला तो स्टेप गरुडाचा तरुण पक्षी होता. ही जात जागतिक पातळीवर संकटग्रस्त ठरलेली असल्याने तिची प्रत्येक अचूक नोंद मोलाची आहे.

पिंगट गरुड पिवळसर फिकट रंगापासून गडद तपकिरीपर्यंत कोणत्याही छटेत दिसतो, शिवाय झिजलेली पिसे उन्हाने विटतात. म्हणून रंगावर विसंबू नये. पुढे जाणाऱ्यांनी चोच मिटलेली असताना, डोके अगदी बाजूने दिसेल असे छायाचित्र आवर्जून घ्यावे, कारण उघड्या चोचीत किंवा मान कललेली असताना त्या कडेची लांबी फसवी दिसते. पक्षी उडाला की पंखांची खालची बाजू टिपावी आणि उजळ आकाशापुढे एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा प्रकाश) एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट, वाढवावे, नाहीतर नुसती काळी आकृती हाती येते. गाडीतून उतरून पक्ष्याकडे चालत जाऊ नये. इथल्या माळढोक अभयारण्याच्या हद्दीत शिरण्यापूर्वी वनखात्याची परवानगी घ्यावी.

गडद पक्ष्यासमोरची नोंद मी खोडली आणि दुरुस्तीशेजारी दोन्ही छायाचित्रांचे क्रमांक लिहून ठेवले.