सात आटे

मार्च २०२४. मराठवाड्यातल्या एका पंचायत समितीचं सभागृह, अकरा गावांचे सरपंच, निम्मे ग्रामसेवक, वीजवाल्यांचा एक तरुण इंजिनियर आणि मी. विषय एकच, प्रादेशिक पाणीपुरवठा योजनेचं तोडलेलं वीजकनेक्शन. जॅकवेलवरच्या, म्हणजे धरणाचं पाणी उचलायच्या विहिरीवरच्या, मोटारी नऊ दिवसांपासून बंद होत्या.

मी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागात शाखा अभियंता. आमची योजना तशी साधी. जायकवाडीच्या फुगवट्यातून पाणी उचलायचं, टेकडीवरच्या मोठ्या टाकीत चढवायचं, तिथून उताराने अकरा गावांना सोडायचं. कागदावर माणशी रोज ५५ लिटर. जलजीवन मिशनमध्ये नवे पाइप पडले, अर्धा पैसा केंद्राचा, अर्धा राज्याचा. लोकवर्गणीचे दहा टक्के कोणत्या गावाने कसे दाखवले, ते मला विचारू नका.

पाइप टाकायला पैसा मिळतो, हे मी पंचवीस वर्षं बघतोय. योजना बदलतात, नावं बदलतात, पैसा येतो. पण धरणातलं आरक्षण जलसंपदाकडे, पाइप आमच्याकडे, ग्रामपंचायतीची तिजोरी ग्रामविकासकडे आणि मोटारीची वीज ऊर्जा खात्याच्या कंपनीकडे. मंत्रालयातल्या या चार दारांची गाठ पडायची ती शेवटी आमच्या तालुक्याच्या सभागृहात, गळक्या कूलरसमोर. योजना चालवण्यासाठी गावांची मिळून एक ‘शिखर समिती’ असते. आमच्या शिखराच्या बँक खात्यात त्या दिवशी हजार रुपयेही नव्हते.

मी थकबाकीचा तक्ता पडद्यावर लावला आणि पाच मिनिटांत पस्तावलो. टेलच्या, म्हणजे पाइपाच्या शेवटच्या टोकाच्या गावांचं म्हणणं, पाणीच येत नाही तर पट्टी कशाची? टाकीजवळच्या गावांना स्वतःच्या विहिरी, त्यांना योजना बंद पडल्याची फिकीर नाही. मधली गावं या दोघांकडे बोट दाखवत होती. १५ व्या वित्त आयोगाच्या बंधित, म्हणजे पाणी-स्वच्छतेसाठीच राखलेल्या, निधीतून पाणीपुरवठ्याचं वीजबिल भरायला शासनाची मुभा आहे, हे मी वाचून दाखवलं. ‘साहेब, तो पैसा गटारीत गेला,’ एक ग्रामसेवक म्हणाले. खरंच गेला होता. भूमिगत गटारीवर.

तेवढ्यात अण्णा उठले. अण्णा म्हणजे शिखर समितीचे अध्यक्ष, टाकीला सगळ्यात जवळच्या गावचे. माणूस पाण्याच्या प्रश्नावर तयार झालेला. त्यांनी गाडी थेट नाशिक-नगरवर नेली. वरच्यांनी धरणं बांधून गोदावरी अडवली, २००५ च्या कायद्यात समन्यायी वाटप लिहिलंय, १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांच्या खाली पाणी असेल तर वरून सोडावंच लागतं, आणि तरी गेल्या वर्षी ८.६ टीएमसीसाठी नोव्हेंबर उजाडला. आपण रस्त्यावर बसलो तेव्हा हे हलले! अक्षर न अक्षर बरोबर होतं. टाळ्याही पडल्या.

टेलच्या गावच्या सरपंच ताई तोपर्यंत एक शब्द बोलल्या नव्हत्या. पहिलीच टर्म. गावात सहा आठवडे पाणी नाही, म्हणजे वीज तुटायच्या कितीतरी आधीपासून. त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, ‘अण्णा, रास्ता रोकोला आमच्या गावचे दोन टेम्पो भरून माणसं तुमच्या मागं होती. मीबी होते. आता मला एवढंच सांगा, ह्या पाइपावर आमचं नाशिक कोण?’

कोणीतरी मागे फसकन हसलं. अण्णा लाल झाले. ‘आमच्या गावानं कुणाचं पाणी चोरलं नाही. चला व्हॉल्व्हवर. आत्ता चला!’

सभा अशी जीपमध्ये बसून टेकडीकडे निघालेली मी पहिल्यांदाच पाहिली. आठ किलोमीटरमध्ये तीन एअर व्हॉल्व्ह, म्हणजे पाइपातली हवा सोडायचे व्हॉल्व्ह, पाण्यासाठी फोडलेले. एकाखाली गुरांसाठी सिमेंटचं हाळ व्यवस्थित बांधून काढलेलं, वर ‘जय जवान जय किसान’.

अण्णांच्या गावच्या फाट्यावरचं चेंबर उघडलं तर आत गांधीलमाश्यांचं पोळं. व्हॉल्व्ह पुरता उघडा आणि स्पिंडलवर गंज चढलेला. म्हणजे कित्येक महिने त्याला कोणी हात लावला नव्हता. व्हॉल्व्हमनला रानातून बोलावून आणलं. लोखंडी चावी मोटारसायकलला बांधून तो आला आणि आम्हा सगळ्यांकडे बघून जरा घाबरलाच.

‘बंद का करत नाहीस रे?’ अण्णांनी दरडावलं.

‘अण्णा, आठ महिने मानधन नाही. उघडा ठेवला तर कुणी बोलत नाही. बंद केला की तुमच्याच गावची पोरं घरी येतात. फुकट मार कोण खाणार?’

मानधन द्यायचं शिखर समितीने, म्हणजे अण्णांनीच. अण्णांना ते ठाऊकच नव्हतं, असं त्यांचा चेहरा सांगत होता, आणि मी त्यावर विश्वास ठेवतो. कारण त्या चेंबरवरून माझी जीप दर आठवड्याला जात होती. झाकण मीही कधी उचललं नव्हतं.

मग वाटाघाटी झाल्या त्या तिथेच, उन्हात. व्हॉल्व्ह पूर्ण उघडायला वीस आटे लागत होते. अण्णा दहावर अडले, ताई पाचवर. शेवटी सात ठरले. खरं तर पाणी आट्यांच्या हिशेबात वाढत नाही, पहिल्या काही आट्यांतच बरंचसं निघून जातं. पण सेकंदाला किती लिटर, हे गावात कोणी मोजायला जात नाही. आटे कोणालाही मोजता येतात. प्रत्येक फाट्याचे आटे, उघडायची-बंद करायची वेळ आणि व्हॉल्व्हमनचं मानधन, सगळं जीपच्या बॉनेटवर रजिस्टरमध्ये लिहिलं. नऊ सह्या झाल्या. एक सरपंच ‘ग्रामसभेला विचारतो’ म्हणाले, एक मधूनच निघून गेले होते.

वीजवाल्या पोराने वरिष्ठांना तीन फोन केले आणि अर्धवट भरणा घ्यायला त्यांना तयार केलं. पहिला चेक अण्णांच्या गावचा. चिडून दिला की ओशाळून, कोण जाणे.

गुरुवारी दुपारी मोटारी सुरू झाल्या. हाळ बांधणाऱ्याशी आमचं भांडण अजून चालू आहे, ते वेगळं. त्या रात्री पावणेतीनला ताईंचा फोन आला.

‘साहेब, नळ फुसफुसतोय. पाणी न्हाई, नुसती हवा.’

‘येऊ द्या हवा, ताई. लाइन भरतेय. हंडा लावून ठेवा.’

‘हंडा कवाच लावलाय.’