तांबेकर वाडा: रावपुऱ्यातली रंगलेली माडी

बडोद्याला येणारे मराठी पाहुणे लक्ष्मीविलास पॅलेस बघतात, शेव-उसळ खातात आणि गाडी पकडतात. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा राहूनच जातो. मी रिक्षावाल्याला पत्ता सांगितला तर तो म्हणाला, "काका, त्यां शुं छे? जूनुं मकान छे."

जुनं घर आहे हे खरंच. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचं हे राहतं घर. गादीवर तेव्हा गणपतराव गायकवाड. सयाजीराव यायला अजून वीसेक वर्षं होती. म्हणजे आपण ज्याला बडोदं म्हणतो, ती कमाठीबाग, ते कॉलेज, यातलं काहीच तेव्हा नव्हतं.

घाट मराठी वाड्याचाच, मजल्यावर मजला चढवलेला. लाकडी खांब, कोरीव काम, डोक्यावर तुळया. पुण्या-नाशकाकडचा वाडा पाहिलेल्याला इथं परकं वाटत नाही. कोरीव काम मात्र गुजराती हवेल्यांची आठवण करून देतं. आता ताबा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे, म्हणून निदान तो उभा तरी आहे.

खरा ऐवज वरच्या माडीवर. भिंती चित्रांनी भरून गेल्यात, हात ठेवायला रिकामी जागा नाही (ठेवूही नये). कृष्णलीला आहे, महाभारत आहे. रंग जागोजागी उडालेत, काही चेहरे पुसट झालेत. देवादिकांची चित्रं अशा घरात असणारच, मी भराभर पुढे सरकलो. थांबलो तो इंग्रज-मराठा युद्धाच्या प्रसंगांपाशी. बडोद्यात १८०२ पासून इंग्रजांचा रेसिडेंट, म्हणजे त्यांचा प्रतिनिधी, ठाण मांडून होता, दरबारातल्या कारभारात त्याचा शब्द चाले. अशा राज्याच्या दिवाणाच्या घरात, त्याच साहेबाशी मराठ्यांनी केलेली लढाई भिंतीवर! बरं, गायकवाड तर पेशव्यांपासून फुटून इंग्रजांच्या बाजूला गेलेले. मग बघणाऱ्यानं बाजू घ्यायची ती कुणाची? रेसिडेंटसाहेब कधी जेवायला आलेच, तर त्यांना या माडीवर आणत असतील का, हा प्रश्न मला तिथं बराच वेळ सुटला नाही.

दुपारी कीर्तिमंदिरात, म्हणजे गायकवाड घराण्याच्या स्मारकात, चित्रकार नंदलाल बोसांची भित्तिचित्रं पाहिली. ती थोर आहेत, वाद नाही. पण ती स्मारकासाठी काढलेली. तांबेकरांकडची चित्रं राहत्या घरातली. एकाच दिवशी दोन्ही बघायची असतील, तर आधी वाडा गाठा.