दुधाच्या हिशोबाशेजारचा आकडा : डाव्या टाचेची दहा महिन्यांची नोंद

आमच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत सासूबाई दुधाचा हिशोब लिहितात. दीड, दीड, एक, पाहुणे आले तर अडीच. फेब्रुवारीपासून त्याच चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात मीही पेन्सिलने एक आकडा लिहिते आहे. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिल्या दहा पावलांत डाव्या टाचेमागे किती दुखलं, शून्य ते दहा.

परवा रविवारी पुण्याची मॅरेथॉन झाली. हाफ (अर्धी मॅरेथॉन, २१.१ किलोमीटर) पूर्ण केली, २ तास २४ मिनिटं ३८ सेकंद, ठरवून चालत-पळत. ज्यांना फक्त निकाल हवा होता त्यांच्यासाठी एवढं पुरे. ज्यांची अकिलीस, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी जाड शीर, कुरकुरते आहे आणि तरी जे रोज बूट घालताहेत, त्यांच्यासाठी बाकीचं लिहिते आहे.

दुखणं कसं लागलं

मागच्या वर्षी फुलची, म्हणजे पूर्ण मॅरेथॉनची, तयारी करताना ऑगस्टपासून आठवड्यात दोनदा तळजाईचा चढ आणि रविवारी सिंहगड असा क्रम धरला होता. ऑक्टोबरमध्ये नवे बूट घेतले. आधीच्या बुटात टाच पंजापेक्षा १० मिलिमीटर उंच होती, नव्यात ४. चढावर पाऊल टेकताना घोटा जास्त दुमडतो, टाच खाली राहते आणि शीर ताणलेली असतानाच तिला जोर लावावा लागतो. कमी ड्रॉपच्या, म्हणजे टाच आणि पंजाच्या उंचीत कमी फरक असलेल्या, बुटात पोटरीवर आणि शिरेवर तसाच जादा भार येतो. एक बदल तिने सोसला असता. मी दोन्ही एकत्र लादले.

सुरुवातीला फक्त सकाळचा ताठरपणा होता. पहिल्या किलोमीटरनंतर तो निघून जायचा आणि मला वाटायचं, गरम झाली की बरी होते. यालाच मी फसले, आणि आपल्यातले बहुतेक जण इथेच फसतात. पळताना शीर तक्रार करत नाही, तिचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी येतं. ते उत्तर अडीच महिने दाराशी येत होतं, मी ते वाचत नव्हते. त्याच टाचेवर डिसेंबरमध्ये ४ तास २१ मिनिटांत फुल पळाले, आणि आठवड्याभरात जिना उतरताना कठडा धरायची वेळ आली.

ज्या डॉक्टरांकडे आधी गेले त्यांनी सहा आठवडे पूर्ण विश्रांती सांगितली. मी ती अक्षरशः पाळली. दुखणं गेलं. फेब्रुवारीच्या सुरुवातीला अगदी सावकाश तीन किलोमीटर पळाले आणि दुसऱ्या दिवशी बाथरूमपर्यंत भिंतीला धरून गेले. मग मैत्रिणीने सुचवलेल्या फिजिओकडे गेले. सोनोग्राफीत टाचेच्या हाडापासून चारेक सेंटीमीटर वर शीर जाड झालेली दिसली. त्यांनी सांगितलं ते मी तसंच वहीत उतरवून घेतलं : या शिरेला रक्तपुरवठा कमी, म्हणून ती सावकाश सुधारते, पण वजन पेलल्याशिवाय ती सुधारतच नाही. विश्रांतीने दुखणं निजतं, शीर मात्र आणखी अशक्त होते.

घरी येऊन सासूबाईंना जागा दाखवली तर त्या लगेच म्हणाल्या, "अगं, घोडशीर ती." मला हा शब्द तोवर माहीत नव्हता. आता मी मनात तिला घोडशीरच म्हणते.

पायरी आणि तांदूळ

टाच खाली सोडण्याच्या व्यायामामागची गोष्ट फिजिओंनीच सांगितली. हाकन आल्फ्रेडसन हे स्वीडनचे अस्थिशल्यविशारद, स्वतः पळणारे. त्यांचीच अकिलीस दुखत होती. वरिष्ठ शस्त्रक्रियेला तयार होईनात, म्हणून शीर पुरती बिघडावी या हेतूने ते दुखऱ्या पायावर जोर देऊन टाच पायरीखाली सोडत राहिले, आणि शीर बरी झाली, असं सांगतात. पुढे १९९८ साली त्यांनी हौशी धावपटूंवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. गुडघा सरळ ठेवून १५ चे तीन सेट, गुडघा वाकवून १५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. म्हणजे रोज १८० वेळा.

माझ्यासाठी फिजिओंनी हा क्रम बदलून दिला. पहिला महिना फक्त धरून ठेवायचं : दोन्ही चवड्यांवर उभं राहून ४५ सेकंद, पाच वेळा. मग एका पायावर, जिन्याच्या पायरीच्या कडेला, वर जायला तीन सेकंद आणि खाली यायला तीन सेकंद, एक दिवसाआड. तेही सोपं वाटू लागल्यावर पाठीवर वजन. आमच्याकडे तांदळाची पाच किलोची पिशवी होती, ती सॅकमध्ये घातली. मग दोन, मग तीन. गुडघा वाकवून केलेले सेट टाळू नका, हे कळकळीने सांगते. पोटरीच्या आतला सोलियस त्यानेच तयार होतो, आणि पळताना शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार हाच स्नायू उचलतो. सरळ गुडघ्याच्या सेटने घाम येतो म्हणून तेच खरे वाटतात. मला फरक पडला तो वाकवलेल्यांनी.

ताकदीचं मोजमाप एकच होतं. एका पायावर न थांबता किती वेळा टाच पूर्ण उचलता येते? फेब्रुवारीत उजवी २७, डावी ९. हे दोन आकडे शेजारी लिहिले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. याच पायावर मी ४२ किलोमीटर पळाले होते. मे महिन्यात डावी १६ वर आली, जूनअखेर २४ वर.

घरात अनवाणी चालणं बंद केलं. जाड टाचेच्या वेगळ्या चपला आणल्या. सासूबाईंनी त्यांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत परवानगी दिली.

टिळक तलाव

पळणं बंद होतं त्या काळात आठवड्यातून तीनदा टिळक तलावावर पोहायला गेले. डेक्कन जिमखान्यावरून चालत येताना एक गोष्ट हटकून आठवायची. १९२० साली अँटवर्प ऑलिम्पिकला भारतातून जे मोजके खेळाडू गेले, त्या जाण्याची सुरुवात पुण्यात याच डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींतून झाली. दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. अनवाणी पळणारी खेड्यापाड्यांतली मुलं पाहून त्यांना वाटलं, ही जगात टिकतील. बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पची मॅरेथॉन २ तास ५० मिनिटांत पळून १९वे आले. आणि ती शर्यत ४२.७५ किलोमीटरची होती, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सगळ्यात लांब मॅरेथॉन. आपल्या गावात मॅरेथॉनचं मूळ इतकं जुनं आहे हे मला फार मोलाचं वाटतं. पोहून ओल्या केसांनी तिथून चालताना, मी अजून धावपटूच आहे असं वाटायला त्याची मदत झाली.

पालखी

ज्येष्ठात पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या. बाबा दरवर्षी पुण्याहून हडपसरपर्यंत माउलींबरोबर चालतात. हडपसरला दोन पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात, माउली दिवे घाटाकडे वळतात, तुकोबा लोणी काळभोरकडे. तिथून बाबा बसने परत येतात. यंदा मी फिजिओंना विचारून त्यांच्याबरोबर गेले. गर्दीत वेग आपल्या हातात नसतो. टाळांच्या ठेक्यावर पाऊल पडत राहतं, छोटं आणि सारखं. दुसऱ्या दिवशीचा आकडा : १. अख्ख्या जूनमधला सगळ्यात लहान. छोट्या पावलांची गंमत मला तिथे कळली. नंतर पळताना मी कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला पडणारी पावलं, १६२ वरून १७० वर नेला तो याच आठवणीने.

पुन्हा पळणं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सणस मैदानाच्या ट्रॅकवर पहिला रन. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, आठ वेळा. एकूण आठ मिनिटं पळाले. दोन फेऱ्यांनी दिशा बदलली, म्हणजे वळणावर नेहमी एकच पाय बाहेर राहू नये. बूट पुन्हा १० मिलिमीटर ड्रॉपचे.

नियम दोनच होते. पळताना दुखणं ३ च्या वर गेलं तर तिथेच थांबायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा वाढला तर पुढचा टप्पा नाही, दोन दिवस सोडून तोच रन पुन्हा. चौथा टप्पा मी तीनदा केला. आमच्या तळजाईच्या गटातले लोक पावसात टेकडीवर जायचे, परतताना चहाच्या टपरीवर भेटायचे आणि मला विचारायचे, "किती झाले आज?" मी "अकरा मिनिटं" सांगायचे. कुणी हसलं नाही. त्या आपुलकीबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार.

सप्टेंबरला सलग पाच किलोमीटर आले. मग विसर्जनाचा दिवस. सकाळपासून रात्रीपर्यंत लक्ष्मी रोडवर, पायात सपाट कोल्हापुरी. पळाले एक पाऊलही नाही. दुसऱ्या दिवशी आकडा ५. मला वाटलं, सगळं संपलं. फिजिओंनी फोनवर शांतपणे विचारलं, "किती तास उभ्या होतात? पायात काय होतं?" शिरेला भार तो भार, तो पळण्याचा आहे की सपाट चपलेत चौदा तास उभं राहण्याचा, हे ती विचारत नाही. चार दिवस पुन्हा ४५ सेकंदांचे सेट केले, आकडा २ वर आला. तुमच्या वहीत फक्त किलोमीटर असतील तर कृपा करून लग्नकार्यं, प्रवास आणि चपलाही लिहा.

हाफ की फुल

ही शर्यत १९८३ पासून होते आहे. डिसेंबरचा पहिला रविवार म्हणजे मॅरेथॉन, हे आमच्या पिढीच्या पुणेकरांना कुणी शिकवलं नाही. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी धावपटूंना टाळ्या वाजवल्या आहेत. त्यामुळे परतायचं तर फुलनेच, असं ठरवलं होतं. ऑक्टोबरअखेर माझा सगळ्यात लांब रन १४ किलोमीटरचा होता. पाच आठवड्यांत त्याचे ३० करायचे तर प्रत्येक सोमवारचा आकडा डोळ्यांआड करावा लागला असता. दोन रात्री झोप आली नाही. तिसऱ्या दिवशी हाफला नाव घातलं. दुःख झालं, अजूनही थोडं आहे.

रविवार

पहाटे गारठा होता. दहा मिनिटं चालले, वीस टाचा उचलल्या, मग रांगेत. नऊ मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं, पहिल्या मिनिटापासून.

पहिलं चालणं सगळ्यात अवघड गेलं. पाय ताजे, आजूबाजूला सगळे पुढे निघालेले, दांडेकर पुलाजवळ एक आजोबा शाल पांघरून टाळ्या वाजवत होते आणि मी बरोबर त्यांच्यासमोर चालू लागले. ते म्हणाले, "चालतंय, चालतंय, जा पुढे." डोकं खाली घालून ते मिनिट पूर्ण केलं.

सिंहगड रोडने नांदेड सिटीकडे जाताना आपण मुठेच्या उलट दिशेने जातो, म्हणजे हलका चढ असतो. गाडीतून तो कधी कळत नाही, टाचेला कळतो. राजाराम पूल, विठ्ठलवाडी, आनंदनगर. घड्याळात किलोमीटरला ७ मिनिटांचा पेस दिसत होता, तो तसाच राहू दिला. परतीचा उतार लागला तेव्हा उजाडत होतं. सोळाव्या किलोमीटरला टाचेमागे चिमटा बसला. २. पाऊल आखूड केलं, पालखीतलं. पुढचा किलोमीटरभर फक्त टाचेकडे लक्ष होतं. २ च राहिला.

सारसबागेचं वळण आलं आणि तिथून सणस. चालायचं शेवटचं मिनिट मी सोडलं नाही, शेवटचा दीड किलोमीटर राहिला असतानाही. मग पळाले. बाबा मैदानाबाहेर स्वेटर घालून उभे होते. त्यांनी आधी टाचेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

सोमवार, मंगळवार

सोमवारी पाहुणे होते. गजर होण्याआधीच जाग आली. पलंगावर बसून थोडा वेळ पाय खाली टेकवलेच नाहीत. मग दहा पावलं, स्वयंपाकघरापर्यंत. चौकटीत सासूबाईंनी लिहिलेलं होतं : दूध अडीच. खाली मी लिहिलं : ३.

आज मंगळवार. दूध दीड. टाच १. उद्या पुन्हा पायरीवर, पंधरा किलो तांदूळ पाठीवर घेऊन.