बशी पलटून बघा, मग बोला

परवा इथे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये, एका एस्टेट सेलला, म्हणजे घरातल्या जुन्या सामानाच्या विक्रीला गेले आणि खरंच डोकं फिरलं. टेबलावर एक मोठी शोभेची प्लेट, मरून काठ, वर सोनेरी वेलबुट्टी, मध्ये व्हीनस बसलीये आणि छोटा क्युपिड तिची ओढणी ओढतोय, कोपऱ्यात सही 'कॉफमन'. चिठ्ठीवर लिहिलेलं, रॉयल व्हिएन्ना (म्हणजे व्हिएन्नाच्या नावाजलेल्या चिनीमाती कारखान्याची), हातानं रंगवलेली, एकोणिसावं शतक. किंमत तशीच तगडी. मी पलटली. मागे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा निळा शिक्का, आणि त्याच्या खाली बोटभर जागा खरखरीत, बाकी सगळीकडे काचेसारखी चकाकी. कुणीतरी घासून काहीतरी काढलंय. काय काढलंय ते मला भिंग लावल्यावर कळलंच, तिथे 'जपान' होतं, शेवटच्या अक्षराचा एक पाय अजून शिल्लक होता.

तुम्ही म्हणाल एवढं काय त्यात, जुनी प्लेट आहे. पण मला ह्या गोष्टीचा भयंकर राग येतो आणि आज तो सविस्तर लिहिणार आहे.

आधी ती कॉफमन. अँजेलिका कॉफमन ही खरीखुरी मोठी चित्रकार, जन्म 1741, स्वित्झर्लंडची, लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या संस्थापकांमध्ये ज्या दोनच बायका होत्या त्यातली एक. 1807 ला रोममध्ये वारली. ह्या प्लेटा तिनं रंगवलेल्या नाहीत, तिच्या चित्रांवरून, कधी नुसत्या तिच्या धाटणीची, छापील चित्रं तयार झाली आणि ती डेकल म्हणून चिनीमातीवर चिकटवून भाजली. सहीसुद्धा त्या छापाचाच भाग. सोनाराचं भिंग घ्या आणि व्हीनसच्या गालावर धरा, बारीक बारीक ठिपके दिसले की छापील. ब्रशचं काम असेल तर रंग कुठे जाड कुठे पातळ दिसतो, फटकारा कळतो. पुष्कळदा मधलं चित्र छापील आणि फक्त काठाचं सोनं हातानं दिलेलं असतं, आणि तेवढ्यावर 'हँड पेंटेड' लिहून मोकळे होतात. आणि तो पोळ्याचा शिक्का खरं तर उलटं धरलेलं ऑस्ट्रियन ढालीचं चिन्ह आहे. व्हिएन्नाचा मूळ कारखाना 1864 लाच बंद पडला, त्यानंतर तो शिक्का जर्मनी, बोहेमिया, जपान, सगळ्यांनी वापरला. त्यामुळे नुसता शिक्का बघून वय सांगता येत नाही.

वय सांगतो तो अमेरिकेचा एक कायदा, आणि ह्याबाबतीत मला ह्या देशाचं मनापासून कौतुक आहे. 1890 च्या मॅकिन्ली टॅरिफनं ठरवलं की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव पाहिजे, 1891 पासून ते लागू झालं. जपानी मालावर तेव्हा 'निप्पॉन', म्हणजे जपानचं त्यांच्याच भाषेतलं नाव, येऊ लागलं. 1921 ला कस्टम्सनं ते बंद करून 'जपान' लिहायला लावलं. दुसऱ्या महायुद्धानंतर 1947 ते 1952 च्या मालावर 'मेड इन ऑक्युपाइड जपान' (जेत्यांच्या ताब्यातलं जपान) सापडतं, सगळ्यावर नाही पण बऱ्याच मालावर. म्हणजे बुडाशी एक ओळ वाचली की साधारण काळ हातात येतो, केवढी सोय! पुढे मात्र आयात करणाऱ्या कंपन्या, उदाहरणार्थ शिकागोची लेफ्टन, कागदी नाहीतर चमकदार लेबलं लावायला लागल्या, ती धुण्यात निघून जातात आणि मागे फक्त डिंकाचा पुसट चौकोन राहतो. त्यामुळे शिक्का नाही म्हणजे फार जुनं, असं अजिबात नाही. आणि 'निप्पॉन'च्याही नकला निघाल्यात. वर्तुळाकार पानांच्या माळेत 'एम' असतं, ते मोरिमुरा ह्या घराण्याचं, चिनीमातीची नोरिताके कंपनी त्यांचीच. नकलेत त्या 'एम'च्या जागी वाळूच्या घड्याळासारखं काहीतरी असतं किंवा माळच उलटी.

हे सगळं मला ब्रिमफील्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात एका म्हाताऱ्या विक्रेत्या बाईंनी शिकवलं, वस्तू विकायचं सोडून. तिथल्या निळ्या डबीवर पांढऱ्या नाचणाऱ्या अप्सरा होत्या, मी वेजवुड, म्हणजे प्रसिद्ध इंग्रज कंपनीची, म्हणून उचलली तर त्यांनी माझं बोट धरून आत फिरवलं. अस्सल जॅस्परवर, म्हणजे वेजवुडच्या बिनचकाकीच्या भांड्यांवर, पांढऱ्या आकृत्या वेगळ्या साच्यात काढून वर बसवतात, कडा धारदार, अंग कोरडं आणि मऊ. जपानीत आकृती भांड्याबरोबर एकाच साच्यात येते, म्हणून नाकडोळे बोथट, आत त्याच जागी खळगा लागतो, निळा रंग आकृतीच्या कडेला वाकडातिकडा भरलेला असतो. आई पैठणी घेताना पदर उलटा करून बघते ना, अगदी तेच. आणि एवढं सांगून बाई म्हणाल्या, जपानी आहे, पण छान जपानी आहे. हे 'पण' सुद्धा मला खटकलंच, तरी डबी घेतली.

का खटकलं सांगते. वेजवुडनं स्वतः काय केलं? रोमन काचेच्या पोर्टलंड व्हाजची जॅस्परमध्ये हुबेहूब प्रत केली, वर्षानुवर्षं खपून, 1790 च्या सुमारास, आणि त्याला आजही कौशल्य म्हणतात. इंग्रजांनी रोमचं घेतलं तर अभ्यास, जपान्यांनी इंग्रजांचं घेतलं की नक्कल. ज्या कारागिरांनी कधी ग्रीक देऊळ बघितलं नसेल त्यांनी डायनाच्या कपाळावर चंद्रकोर आणि अपोलोच्या हातात वीणा बरोबर दिली, ग्राहकाला पाहिजे तशी, स्वस्तात. आणि त्यांचं नाव घासून काढायचं! घरी सगळे विचारतात ही जुनी भांडी कशाला जमवतेस, तर ह्यासाठी.

आणि हे फक्त अमेरिकेपुरतं नाही बरं का. 1920-30 च्या दशकांत ह्याच जपाननं आपल्यासाठी चकाकत्या उठावाच्या टाइल्स पाठवल्या, त्यावर कृष्ण, लक्ष्मी, सरस्वती, रविवर्मा छापाच्या चित्रांवरून. आवाजी बेटावरची दांतो त्यातली मोठी कंपनी. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या जिन्यांत अशा टाइल्स आजही दिसतात. आपण त्यांना नक्कल म्हटलं नाही, सरळ हात जोडले, आणि हे मला आपलं जास्त बरोबर वाटतं. फक्त आता रीडेव्हलपमेंटमध्ये त्या हातोड्यानं फुटतायत. तुमच्या बिल्डिंगचा नंबर लागला असेल तर कॉन्ट्रॅक्टरला आधीच सांगून ठेवा, टाइल अख्खी काढ. मागे 'मेड इन जपान' उठवलेलं दिसलं तर मला दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा, मागचा आधी.