बाजरी मंगळवारपर्यंत उचला

आज रविवार, गिरणी बंद, म्हणून लिहायला सवड. काल दळणाचा डबा ठेवायच्या आधी प्रत्येकाचा एकच प्रश्न, "वैनी, पाऊस हाय का?" पूर्वी हसायचे मी. पण हवा दमट झाली की माझ्या चाळणीला आधी कळतं, बाजरीचं पीठ जाळीला धरायला लागतं. गुरुवारपासून धरतंय.

परवा मोबाइलवर 'सातारा जिल्हा, यलो अलर्ट' आला आणि दोघातिघांनी कापणीच थांबवली. अहो, महाबळेश्वर पण सातारा जिल्ह्यातच आणि आपलं म्हसवड पण! तिकडं वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पडतो, आपल्या माण तालुक्यात ५०० च्या आसपास. जून-जुलैतला पश्चिमेचा वारा सह्याद्रीवर सगळं ओततो आणि आपल्याकडं रिकामी घागर घेऊन येतो. आपला खरा पाऊस आत्ताचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा, आणि तो पूर्वेकडून. म्हणून मी अलर्ट नुसत्या घाटाला आहे का ते आधी बघते, मग बंगालच्या उपसागरात काय शिजतंय ते.

या आठवड्यात शिजतंय. कमी दाबाचं क्षेत्र पश्चिमेकडं सरकतंय. सोमवार-मंगळवार कडक ऊन, दुपारनंतर उकाडा. ढग दिसतील, भुलू नका. बुधवारी तिसऱ्या प्रहरापासून गडगडाट. जोर गुरुवारी. शुक्रवारी दुपारपर्यंत भुरभुर, आणि शनिवारी हत्ती (हस्त नक्षत्र) निघतोय तो बहुतेक उघडिपीतच.

अडचण अशी की गावाला एकाच वेळी दोन्ही पाहिजे. शाळू (रब्बीची ज्वारी) पेरायचाय त्यांना एक दणका पाऊस हवा, मग चार दिवसांनी वापसा आला, म्हणजे माती पेरणीजोगी ओलसर झाली, की पेरणीची पाभर चालेल. आणि बाजरी कापून पडलीय त्यांना ऊन हवं. आमच्याच घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई शाळूच्या बाजूनं, मी बाजरीच्या. कणीस भिजलं की दाणा काळा पडतो, उन्हानं ओढलं नाही तर मोडही येतात. तसली बाजरी दळायला येते तेव्हा वासावरूनच कळतं, आणि भाकरी कडू होते ती वेगळीच.

डाळिंबवाल्यांनी बुधवारी दुपारी फवारू नये, औषध धुऊन जाईल. मेंढरं घेऊन माळावर असणाऱ्यांनी 'दामिनी' ॲप तेवढं ठेवा. पुण्याच्या हवामान संस्थेचं आहे, २० आणि ४० किलोमीटरच्या आत वीज पडत असली तर दाखवतं. या दिवसांत पावसापेक्षा विजेचीच भीती जास्त. आणि माझ्या गच्चीवरच्या पर्जन्यमापकाचा आकडा पंचनाम्याला चालत नाही, ते मला विचारू नका. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापन केंद्रात २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर मोजला तरच अतिवृष्टी.

माझं चुकतंही. गेल्या साली जाऊबाईंना छातीठोकपणे सांगितलं, "काही येत नाही, राहू द्या खळ्यावर." रात्री दोन वाजता आला. दिवाळीच्या फराळापर्यंत बोलल्या नाहीत.

आज सकाळी त्यांचाच फोन. "काय म्हणतंय तुझं?"

म्हटलं, मंगळवारी संध्याकाळच्या आत सगळं आत घ्या.

"आणि न्हाई आला तर?"

म्हटलं, तर यंदा मी बोलणार नाही. ताडपत्री मात्र माझीच मागितली.